फुल सस्पेन्शन सायकल पारखायची कशी: आधी वजनाला लावा, मग टेकडीवर न्या

पाऊस संपून टेकड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलं की फोन सुरू होतात. "एक फुल सस्पेन्शन मिळतेय. जुनी आहे, पण चांगली दिसतेय. बघायला येतोस का?" फुल सस्पेन्शन म्हणजे पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांचे धक्के झेलणारी डोंगरी सायकल. मी जातो. तिथे बहुतेक वेळा एकच दृश्य असतं. घेणारा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलवर बसतो, सीट दोन-तीनदा दाबून बघतो, एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "मस्त मऊ आहे." नाहीतर, "कडक वाटतेय."

एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण शॉकमध्ये (मागच्या चाकाचे धक्के झेलणारं नळकांडं) भरलेली हवा आधीच्या मालकाच्या वजनाची असते. माझी पहिली फुल सस्पेन्शन मी ज्यांच्याकडून घेतली ते नव्वदीच्या पुढचे होते, मी चौसष्ट किलोचा. पहिल्याच दिवशी वेताळ टेकडीवरून खाली आलो तेव्हा मनगटं दुखून आली होती, मागचं चाक प्रत्येक दगडावर आपटत होतं. सायकल परत करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. ग्रुपमधल्या एका जुन्या रायडरने शॉक पंप लावला, मीटर बघितला आणि एक अक्षर न बोलता हवा सोडायला सुरुवात केली. दाब २३० पीएसआयवरून १५० च्या खाली आला. त्याच वाटेवर, त्याच संध्याकाळी ती सायकल ओळखू येईना.

म्हणून क्रम असा: आधी उभ्या सायकलची तपासणी, मग ती स्वतःच्या वजनाला लावणं, मग टेकडी, आणि पैशांचं बोलणं त्यानंतर. मी ही गोष्ट पुण्याच्या आसपासच्या टेकड्या डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण सायकल कुठे चालवायची हे ठरल्याशिवाय ती चांगली की वाईट हे सांगता येत नाही.

आधी आपली वाट ओळखा

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालाय. त्यामुळे आपल्या डोंगरांना पायऱ्या आहेत: थोडं सपाट, मग एकदम कातळाची धार, पुन्हा सपाट. उतरताना चाकासमोर येतात ते गोल गुळगुळीत दगड थोडेच, काटकोनात तुटलेले वीतभर उंचीचे कातळ जास्त. मध्ये मध्ये मुरूम आणि घसारा. वाट म्हणजे बऱ्याचदा ढोरवाटच, दोन फूट रुंद आणि मधोमध खोल गेलेली. वेग कमी, धक्के मात्र चौकोनी.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याकडे लिफ्ट नाही. कॅनडातल्या व्हिस्लरला सायकल लिफ्टला अडकवून वर नेतात आणि दिवसभर फक्त उतरतात. आपण दहा मिनिटं उतरण्यासाठी अर्धा तास चढतो, तेही स्वतःच्या पायांनी. म्हणून जाहिरातीत १७० मिलिमीटर ट्रॅव्हल वाचून हरखून जाऊ नका. ट्रॅव्हल म्हणजे चाक किती वर दबू शकतं ते अंतर. ढोबळ हिशोब असा: १०० ते १२० मिलिमीटर क्रॉसकंट्रीच्या सायकली, १३० ते १५० ट्रेलच्या, १५० ते १८० एन्ड्युरोच्या, आणि २०० च्या आसपास निव्वळ डाउनहिलच्या. आपल्या टेकड्यांवर नवशिक्याला १२० ते १४० पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापुढची सायकल चढावर जीव काढते आणि तिच्या ताकदीचा उतार आपल्याला फारसा भेटत नाही.

बाजारात दहा-पंधरा हजारांत "ड्युअल सस्पेन्शन" लिहिलेल्या सायकली दिसतात. त्या घेऊन दगडात उतरू नका. त्यांच्यात मागे नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी यंत्रणा, नसतं. सीट जोरात दाबून सोडा: सायकल चेंडूसारखी परत उसळली आणि रिबाउंडचा (परत येण्याचा वेग ठरवणारा) खटका कुठेच दिसला नाही, तर त्या स्प्रिंगला आवर घालणारं काही नाही असं समजा. कातळावरून उतरताना हीच उसळी माणसाला हँडलवरून पुढे फेकते. त्याच पैशांत मागे सस्पेन्शन नसलेली साधी हार्डटेल कितीतरी बरी. खरी फुल सस्पेन्शन नवी घ्यायची तर दीड-दोन लाखांच्या आत क्वचितच मिळते, म्हणून आपल्यापैकी बरेच जण जुनी बघतात. पुढचं लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

बघायला जाताना

सोबत न्या: शॉक पंप (टायरचा पंप चालत नाही; शॉकमध्ये दाब खूप असतो आणि हवा अगदी थोडी), ४, ५, ६ आणि ८ च्या अ‍ॅलन की, मिलिमीटरची छोटी फूटपट्टी, चेन चेकर (चेनची झीज मोजणारी पट्टी), मोबाइलपेक्षा जरा चांगला टॉर्च आणि एक फडकं. शिवाय स्वतःचं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, नेहमीचे बूट आणि पाणी भरलेली पाठपिशवी. हे सगळं कशाला ते पुढे येईल. सोबत एक माणूसही हवा.

उभी सायकल: फडकं आणि टॉर्च

मालकाला विचारून सायकल आधी पुसून घ्या. धुळीखाली चीर लपते. टॉर्च समोरून न मारता तिरका धरा, म्हणजे केसाएवढी रेघसुद्धा सावली टाकते. कुठे बघायचं: हँडलच्या खालची नळी जिथे मुख्य तिरक्या नळीला मिळते तिची खालची बाजू, सीटची नळी आणि वरची नळी यांचा सांधा, मागच्या त्रिकोणातलं प्रत्येक वेल्डिंग, आणि शॉक जिथे फ्रेमला बोल्टने बसतो ती जागा. रंगाला गेलेली रेघ नखाने तपासा. नुसता ओरखडा असेल तर तो सरळ, कुठेही आणि एकटा असतो. चीर बहुधा वेल्डिंगच्या कडेने वळत जाते आणि तिच्यात काळपट मळ बसलेला असतो. मित्रासाठी बघितलेल्या एका सायकलीत मागच्या डाव्या बाजूला, ब्रेकच्या जवळ अशी जेमतेम बोटाच्या पेराएवढी रेघ होती. मालकाला खरंच माहीत नव्हतं. त्यालाही बरं वाटलं, कारण पुढच्या रविवारी तोच तिच्यावरून उतरणार होता.

कार्बनची फ्रेम असेल तर नाण्याने टिचक्या मारत पुढे जा. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, आतून सुटलेल्या भागाचा बद्द. पहिल्या सायकलीसाठी मी अ‍ॅल्युमिनियमच घ्या म्हणेन. आपल्या दगडांत सायकल पडणार हे धरून चाला, आणि कार्बन नीट दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडणं अवघड.

आता सांधे. फुल सस्पेन्शनचा अर्धा खर्च इथे दडलेला असतो. सायकलच्या मागे उभे राहा, सीट धरून हळूच वर उचला, चाक जमिनीवरून सुटेल न सुटेल एवढंच. पुन्हा सोडा. असं चार-पाच वेळा करा. "टक" असा बारीक आवाज किंवा हाताला झटका जाणवला तर कुठेतरी खेळ आहे. सोबतच्या माणसाने एकेका सांध्यावर बोट ठेवायचं: फ्रेम आणि शॉक जिथे मिळतात तिथे, लिंकच्या (शॉकला मागच्या त्रिकोणाशी जोडणारा छोटा हात) दोन्ही टोकांना, खालच्या मोठ्या पिव्हटवर (मागचा त्रिकोण ज्यावर फिरतो तो सांधा). ज्या जागी बोटाला टकटक लागेल ती जागा दोषी. खेळ शॉकच्या डोळ्यातल्या (टोकाच्या बोल्टच्या भोकातल्या) बुशचा असेल तर काम स्वस्तात होतं, कारण बुश हा झिजायचाच भाग आहे. मुख्य पिव्हटमध्ये खेळ असेल तर बेअरिंगचा आख्खा सेट धरा. आणि बेअरिंग नवीन असूनही खेळ असेल, तर फ्रेममधली बेअरिंगची खाचच मोठी झालीय. मग नमस्कार करून निघा.

मालक परवानगी देत असेल तर याहून पक्की तपासणी आहे. शॉकचा एक बोल्ट काढा आणि मागचा त्रिकोण हाताने वर-खाली हलवा. तेल दिलेल्या बिजागरीसारखा तो बिनआवाज फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे. वाळू अडकल्यासारखी करकर लागली तर पाणी आत गेलंय. आपल्याकडे हे फार दिसतं: पावसाळाभर चिखलात चालवायची, गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने धुवायची आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. ग्रीस वाहून जातं आणि छर्रे गंजतात.

शॉकच्या दांड्यावर आणि फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, वरच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे, कारण नख खोटं बोलत नाही. नख अडलं तर तो ओरखडा प्रत्येक वेळी सील कापणार, तेल बाहेर येणार आणि धूळ आत जाणार. नुसता डाग दिसतोय पण नख सरळ पुढे जातंय, तर काळजी नको. नळ्यांच्या मागच्या बाजूलाही बघा, सोनेरी किंवा काळा मुलामा झिजून आतला पांढरा धातू दिसतोय का. तसं असेल तर सर्व्हिस वेळेवर झालेली नाही. सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या नळ्यांचं तेल ५० तासांनी बदलायला सांगते, फॉक्स पूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षाने करायला सांगते. दर रविवारी तीन तास चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत भरतात. मालकाला विचारा, शेवटची सर्व्हिस कधी आणि कुठे केली. नीट उत्तर मिळालं नाही तर दोन्हींच्या सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

बाकीचं झटपट. चेन चेकरवर ०.५ ची खूण आत गेली तर बारा गिअरची चेन संपली, ०.७५ सुद्धा आत गेली तर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) गेली असं धरा. ब्रेकची मूठ दाबली की दगडासारखी थांबली पाहिजे, हँडलला टेकता कामा नये. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. शिमानोच्या १.५ मिलिमीटर, स्रॅमच्या बऱ्याच डिस्कवर १.५५. बोटाला कडेशी पायरी लागली तर डिस्क संपत आलीय. समोरचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि हँडलच्या खालच्या जोडावर बोट ठेवून बघा, तिथे डगडग नको.

साइज

"सतरा इंची फ्रेम" हा हिशोब विसरा. उतरताना आपण पायडलवर उभे असतो, म्हणून उभं राहून मिळणारी जागा महत्त्वाची. ती रीच या आकड्यात असते, कंपनीच्या तक्त्यात मिलिमीटरमध्ये दिलेली. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला ४३० ते ४५५ बहुधा जमतं. पायडल समपातळीत ठेवून उभे राहा, कोपरं बाहेर, गुडघे सैल. छाती हँडलवर आल्यासारखी वाटली तर सायकल लहान. हात ताणले जाऊन वजन मागच्या चाकावर राहिलं तर मोठी. ड्रॉपर, म्हणजे खटका दाबला की खाली जाणारी सीट, पूर्ण खाली गेल्यावर सीट मांड्यांच्या मध्ये येऊ नये. कमी उंचीच्या रायडरांनी हे आवर्जून बघायचं, कारण सीटची नळी लांब असेल तर ड्रॉपर असूनही सीट पुरेशी खाली जात नाही.

फ्रेमचे कोन फार डोक्यात घेऊ नका. एक मात्र ठेवा: हँडलच्या खालच्या नळीचा कोन ६६ ते ६५ अंश असेल तर चढ आणि उतार दोन्ही निभावतात. ६३.५ सारखा पडलेला कोन सुसाट उतारावर स्थिर, पण आपल्या सावकाश चढावर पुढचं चाक इकडे-तिकडे भरकटतं.

वजनाला लावणं: इथे वेळ घाला

सॅग म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. सॅग हवाच, कारण चाकाला वर जाण्याइतकंच खड्ड्यात खाली उतरावंही लागतं. मागे २५ ते ३० टक्के, पुढे साधारण २० टक्के.

आता एक खरा हिशोब करू. शॉकवर किंवा कंपनीच्या माहितीत २१० गुणिले ५५ असं लिहिलंय. म्हणजे शॉकची लांबी २१० मिलिमीटर आणि तो दबतो ५५. ट्रॅव्हल १४० असला तरी मोजायचं ते शॉकवर. ५५ चे ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिलिमीटर, २५ टक्के म्हणजे पावणेचौदा. याच्या मध्ये कुठेतरी यायचंय.

हेल्मेट, पॅड, बूट, पाण्याची पिशवी सगळं अंगावर चढवा. तीन-चार किलो त्यातच असतात. बऱ्याच एअर शॉकमध्ये सुरुवातीला आपलं वजन पौंडांत जितकं तितके पीएसआय भरतात. ६८ किलोच्या माणसाला साधारण १५०. शॉकवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे कधी जाऊ नका. हवा भरल्यावर सीटवर जोर देऊन सायकल आठ-दहा वेळा दाबा, कारण शॉकच्या आत दोन कप्पे असतात आणि हवा दोन्हींत सारखी व्हायला हवी. त्यानंतर पुन्हा मीटर बघा. दाब उतरलेला दिसेल, तेवढा भरा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं मोजमाप चुकतं.

लॉकआउट (शॉक घट्ट करून टाकणारा खटका) उघडा ठेवा. भिंतीला हात टेकवून सायकलवर चढा, एकदा हलकेच उड्या मारून स्थिर व्हा. सोबतच्या माणसाने शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवायची. मग तुम्ही अलगद खाली उतरा. धपकन उतरलात तर रिंग जास्त सरकते, पुन्हा करावं लागतं. सील ते रिंग अंतर फूटपट्टीने मोजा. जास्त आलं तर पाच पीएसआय वाढवा, कमी आलं तर सोडा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. फोर्कचंही तसंच, फक्त मोजताना पायडलवर उभं राहायचं.

इथे सायकलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते. तुमचं वजन पंचावन्न किलो असेल आणि अगदी कमी दाबावरही सॅग २० टक्क्यांच्या वर जात नसेल, तर ती सायकल किंवा तो शॉक तुमच्यासाठी नाही. उलट नव्वदीच्या माणसाला कमाल दाबाच्या जवळ जावं लागत असेल तरी तेच.

मग रिबाउंड, बहुतेक शॉकवर लाल रंगाचा खटका. दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं ते यावर ठरतं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सावकाश. पूर्ण बंद करा आणि तिथून क्लिक मोजत उघडत या. सीटवर बसूनच फुटपाथवरून खाली उतरा: सायकल एकदा वर येऊन शांत झाली पाहिजे. दोनदा-तीनदा डोलली तर एक-दोन क्लिक बंद करा. खाली दबून तशीच राहिली तर उघडा. हलक्या माणसाच्या शॉकमध्ये हवा कमी असते, म्हणून त्याला रिबाउंड जास्त उघडा लागतो. खटका फिरवूनही फरक जाणवत नसेल, तर आतलं तेल किंवा सील गेलेलं आहे. विकत घ्यायच्या आधी मिळालेली ही सगळ्यात मोलाची माहिती.

टायरची हवाही आत्ताच बघा. पासष्ट-सत्तर किलोच्या रायडरला ट्युबलेस टायरमध्ये पुढे २३-२४ आणि मागे २६-२७ पीएसआय. चाळीस भरून कुठलीही सायकल टणकच वाटणार आणि दोष शॉकला जाणार.

टेकडीवर

पुणेकरांना वेताळ टेकडी सोयीची. पण सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची रीघ असते, आजी-आजोबा असतात. चाचणी म्हणजे शर्यत नव्हे. माणूस दिसला की थांबायचं, वाट त्यांची. वनखात्याच्या पाट्या असतील तिथे त्या पाळायच्या. ओल्या वाटेवर चाचणी घेऊ नका. शेवाळलेल्या कातळावर कुठलीच सायकल टिकत नाही, म्हणून काही कळत नाही, आणि चाकांनी वाट मात्र उकरली जाते.

दोन-तीनशे मीटरचा एकच तुकडा निवडा. त्यात दगडी चढ, एक पायरी, एक अरुंद वळण आणि थोडा तीव्र उतार असावा. पूर्ण टेकडी फिरण्यापेक्षा हाच तुकडा तीनदा करा. पहिल्या वेळी तुम्ही वाट बघत असता, सायकल नाही. दुसऱ्या वेळी सायकल कळायला लागते. तिसऱ्या वेळी एकच गोष्ट बदला, पाच पीएसआय किंवा दोन क्लिक, आणि फरक बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

चढताना सीट पूर्ण वर, बसूनच. पायडल मारताना सायकल खालीवर डोलते का? रबरी रिंग सीलजवळ सरकवून गुळगुळीत चढ चढा आणि वर जाऊन बघा. सॅगच्या खुणेपेक्षा थोडीशीच पुढे गेली असेल तर ठीक. खूप पुढे गेली असेल तर तुमची ताकद शॉक खातोय. पण लॉकआउट लावून हे झाकू नका, कारण दगडी चढावर शॉक उघडाच हवा. तिथे बघायचं ते मागचं चाक. वीतभर कातळासमोर या, पुढचं चाक वर घ्या आणि बसल्या बसल्याच पायडलचा दाब चालू ठेवा. चांगली सायकल तुमच्याखाली किंचित दबते, टायर कडेला चिकटतो, आणि तुम्ही वर असता. वाईट लावलेली किंवा वाईट घडलेली सायकल कडेला आपटून थांबते, नाहीतर टायर जागीच फिरून मुरूम उडवतो. मी पहिल्यांदा ती कड बसून पार केली तेव्हा मागे वळून दगड पुन्हा बघितला होता, इतका मला विश्वास बसला नव्हता.

खोल ढोरवाटेत पायडल दोन्ही बाजूंच्या दगडांना लागतात का तेही मोजा. मधूनमधून लागणं चालतं, लय सांभाळायची सवय होते. दर चार फेऱ्यांना लागत असेल तर आधी सॅग तपासा, जास्त असेल. सॅग बरोबर असूनही लागत असेल तर सायकल आपल्या वाटांना बुटकी आहे. १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे क्रँक (पायडलचे दांडे) लावून थोडा फरक पडतो.

उतरताना सीट खाली, टाचा खाली, नजर पुढे. मुद्दाम सावकाश उतरा, कारण वेगात सगळ्याच सायकली चांगल्या वाटतात. दगडांच्या रांगेत हात काय सांगतात ते ऐका. पहिला दगड मऊ, दुसरा जरा कडक, तिसरा एकदम टणक असं होत गेलं, तर रिबाउंड फार सावकाश आहे: एका धक्क्यातून सावरायच्या आत दुसरा येतोय. उलट मागची बाजू लाथ मारल्यासारखी वर येत असेल तर रिबाउंड फार उघडा. मग दगडांतच मागचा ब्रेक हलका धरा. चाक जमिनीला धरून राहतं की टणटण उड्या मारतं? काही रचनांमध्ये ब्रेक लागला की मागचं सस्पेन्शन आखडतं. मागच्या खालच्या नळीवर, चाकाच्या आसाच्या किंचित पुढे सांधा दिसला तर ती हॉर्स्ट लिंकची रचना. हॉर्स्ट लाइटनर या माणसाच्या नावावरून. ती ब्रेकखाली बरीच मोकळी राहते. एकाच सांध्यावर फिरणाऱ्या रचनेत बेअरिंग कमी, देखभाल सोपी, ब्रेकखाली जरा आखडूपणा. नवशिक्याने रचनेच्या नावावरून सायकल नाकारू नये. तुमच्या तुकड्यावर चाक जमिनीला धरून राहतं का, एवढंच बघावं.

खाली आल्यावर पुन्हा रिंग. नेहमीच्या उतारावर शेवटचे पाच-सात मिलिमीटर शिल्लक राहायला हवेत, मोठ्या धक्क्याला संपले तर हरकत नाही. सॅग बरोबर असूनही प्रत्येक फेरीत रिंग टोकाला जात असेल तर शॉकमध्ये प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे टोकन, टाकून शेवटचा भाग कडक करता येतो. काही शंभर रुपयांचं काम. त्यासाठी सायकल सोडू नका.

शॉकच्या दांड्याभोवती तेलाचं कडं उमटलंय का बघा. हलका पुसट थर चालतो, थेंब नको.

घ्यायची की नाही

सायकल आवडली तरी तीन सुट्या भागांची चौकशी त्याच दिवशी करा. एक, डिरेलर हँगर: मागच्या डिरेलरला (गिअर बदलणारा भाग) धरणारा छोटा तुकडा, आपटल्यावर आधी वाकतो. स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला युनिव्हर्सल हँगर बसत असेल तर निश्चिंत. सायकलच्या कंपनीचाच खास तुकडा लागत असेल तर दोन घेऊन ठेवा, नाहीतर महिनाभर सायकल भिंतीला. दोन, बेअरिंग: सीलवर नंबर असतो. ६९०२ सारखा नंबर असेल (आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर) तर ते शहरातल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळेल. पिव्हट पूर्ण फिरत नाही, जागच्या जागी डुलतो. म्हणून जास्त छर्रे ठासून भरलेलं बेअरिंग मिळालं तर तेच घ्या. तीन, शॉकची सर्व्हिस किट आणि ती बसवणारा माणूस.

टायरबद्दल आग्रहाने सांगतो. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आहेत आणि कातळाच्या कडा सुरीसारख्या आहेत. ट्यूब लावलेली सायकल मिळाली तर पहिला खर्च ट्युबलेस करण्याचा, आणि मागे जाड बाजूंचा २.४ इंची टायर. उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं, छिद्र बुजवणारं द्रव) लवकर सुकतं. दोन महिन्यांनी हलवून ऐका, आत खळखळ नसेल तर भरा.

व्यवहार झाला की वहीत लिहून ठेवा: पुढचा-मागचा दाब, सॅग, रिबाउंडचे क्लिक, टायरची हवा, आणि तारीख. सर्व्हिस करून घ्या. मग पहिल्या दहा तासांनंतर पिव्हटचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यावर तपासा. त्याच वेळी सॅग पुन्हा मोजा. नवीन सील तोवर मोकळे झालेले असतात, आणि वहीतला आकडा बहुधा एक-दोन मिलिमीटरने बदललेला निघतो.